सोमवारचा दमा

मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. रुमाल, अभ्रे, फार तर टॉवेल एकट्याने होतील. पण हॉटेलातल्या दुहेरी पलंगाची चादर एकट्याने घडी करायला गेलं की निम्मी जमिनीवर लोळते आणि धुतलेलं सगळं पाण्यात जातं. म्हणून चार टोकं, चार हात. आधी ओढायची, मग झटकायची, मधोमध दुमडायची, आणि मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं नि एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात सोपवायची. लाँड्रीवालीचं अर्धं आयुष्य असं समोरच्या बाईकडे चालत जाण्यात गेलं होतं. बायका बदलत गेल्या. आता समोरून चालत यायची ती तिची स्वतःची लेक, भिंगरी.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती म्हणून पडलेलं. जिना चढताना एक पायरी कायम गाळायची, आणि बापाची कपडे पोचवायची गाडी सुटली की कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर पळत जायची. अशी ही पोरगी शाळेच्या शेवटच्या वर्षात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, एक दिवस म्हणाली, "मी उद्यापासून जाणार नाही." आणि गेली नाही. ओरडून झालं, गोंजारून झालं. बापाने दोन दिवस अबोला धरून पाहिला, पण बोलल्याशिवाय त्यालाच करमेना.

पोरीने शाळा का सोडली हे सांगायला मात्र गल्लीत तज्ज्ञांची कमतरता नव्हती. बाप म्हणाला, मोबाइल. आत्या म्हणाली, डोक्यात वारं शिरलंय. खाली दाराशी बसणारा किल्लीवाला म्हणाला, "शिकून कोणाचं भलं झालंय? माझा भाचा पदवी घेऊन आला आणि आता माझ्याच शेजारी बसून किल्ल्या घासतोय. पोरगी हुशार, तिने मधला प्रवास वाचवला." लाँड्रीवाली प्रत्येकाचं म्हणणं मन लावून ऐकायची आणि मान डोलवायची. मोबाइल असेल, वारं असेल, काहीही असेल. ज्या कारणात आपलं नाव नाही असं कुठलंही कारण तिला गोड लागत होतं.

कारण खरं कारण आपल्याला माहीत आहे असं तिला मनातून वाटायचं. खरं कारण म्हणजे सोमवार.

दोन-अडीच वर्षांपूर्वी घड्या घालायला ठेवलेली बाई आईला बघायला म्हणून गावी गेली, ती गेलीच. हॉटेलातले पाहुणे रविवारी खोल्या सोडायचे. सोमवारी सकाळी गाठोडी यायची आणि संध्याकाळपर्यंत सगळं कडक इस्त्री होऊन परत हवं असायचं. नवरा गाडीवर. चादरीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही. तेव्हा लाँड्रीवालीने शाळेत फोन केला. एकच दिवस, असं स्वतःला बजावून केला. ताप म्हणावं तर कोणी मैत्रीण बघायला येऊन कपाळाला हात लावेल. पाय मुरगळला म्हणावं तर पोरगी दुसऱ्या दिवशी उड्या मारत जाणार. दमा बरा. येतो, जातो, दिसत नाही. शिवाय दम्याची तिला खडान्खडा माहिती होती, कारण सासूबाई त्या दुखण्यातच गेल्या होत्या. खोटं बोलायचं तर रेटून बोलावं, नाहीतर बोलूच नये, हा तिचा बाणा. छाती कशी घरघरते, पोरगी उशांना टेकून कशी बसून राहिली आहे, सगळं तिने फोनवर असं सांगितलं की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा.

वर्गशिक्षक भला माणूस. फारच भला, आणि तिथेच घोटाळा झाला. पुढच्या सोमवारी पुन्हा फोन गेला, त्याच्या पुढच्याही गेला, तेव्हा त्यांनीच काळजीने विचारलं, "ताई, रविवारी घरात झाडलोट करता का?" 

"करतो ना, सर."

"मग बरोबर! धूळ! म्हणून सोमवारी उठतो तिचा दमा."

यावर ती तरी काय बोलणार? आयतं कारण चालून आलं होतं. घरात त्याचं नाव 'सोमवारचा दमा' पडलं. रविवारी जेवताना बाप विचारायचा, "काय भिंगरीबाई, उद्या दम लागणार ना?" आणि तिघंही खो खो हसायची. सरांनी एकदा डॉक्टरांचा विषय काढला तेव्हा लाँड्रीवालीने सासूबाईंचा श्वासाचा पंप खणातून काढून भिंगरीच्या दप्तरात टाकला. रिकामाच होता, पण दिसायला झकास. तेव्हाही तिघं हसली होती. तेच हसू आता लाँड्रीवालीला काट्यासारखं सलत होतं.

सोमवारी पहिले दोन तास गणिताचे असत. पोरगी गणितात मागे पडली, मग सगळ्यातच मागे पडली, मग तिचं मन उडालं. असा लाँड्रीवालीचा हिशोब होता. आपण पोरीचा सोमवार खाल्ला, एवढं तिने मनाशी कबूल केलं होतं. उघड कोणाला सांगितलं नव्हतं. सोमवार ते शनिवार शाळेची घंटा झाली की तिला पोरीच्या डोळ्यांत बघवत नसे. रविवारी तेवढं बरं वाटायचं, कारण रविवारी सगळ्यांच्याच पोरी घरी असतात.

आणि नेमके रविवारीच सर आले.

घडीची खोली वरच्या मजल्यावर. खाली धुण्याची यंत्रं, गच्चीत दोऱ्या, मध्ये ही खोली, तिला रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खिडकी. भिंगरी खाली बापाला दुसऱ्या गिऱ्हाइकांची गाठोडी उतरवून घ्यायला गेली होती. जिन्यावर अनोळखी पावलं वाजली आणि दारात एक मध्यमवयीन गृहस्थ उभे राहिले. खांद्याला कापडी पिशवी, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधायला हात खिशात.

"ताई, ओळखलं नसेल. फोनवरच बोलतो आपण. मी वर्गशिक्षक."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. लाँड्रीवालीला वाटलं, कळलं यांना. ओढून आणलेल्या हसण्याने तिने स्टुलावरचे अभ्रे उचलले, सरांना बसवलं, पाणी दिलं. सरांनी पिशवी चादरींच्या ढिगावर ठेवली आणि खोलीभर पाहिलं. इस्त्रीची वाफ खिडकीकडे चालली होती.

"या वाफेत ठेवता तिला?" सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"वाफ चांगली असते हो छातीला," लाँड्रीवालीच्या तोंडून निघून गेलं. जित्याची खोड.

"असेल, असेल. तुम्हाला जास्त माहीत." सर पुढे सरकले. "मी वेगळ्याच कामाला आलोय. परीक्षेला बसणाऱ्यांची नावं उद्या दुपारी जातात. तिचं नाव मी अजून कापलेलं नाही. तिने काय काय सोसलंय ते बघितलंय मी. परीक्षेसाठी तळमजल्यावरची खोली मागून घेतलीय, जिना नको तिला. मध्ये उठून बाहेर जायची मुभा मिळवलीय. वर्गात मी तिला कधीच फळ्यापाशी बोलावलं नाही, खडूची धूळ नको म्हणून. प्रश्नही विचारत नव्हतो. ताण आला की दम वाढतो ना? गृहपाठ तर माफच होता."

"गृहपाठ माफ?" लाँड्रीवाली पुटपुटली.

"अर्थात! आजारी पोर." सरांनी चष्मा एकदाचा कपाळावरून नाकावर आणला. "एकच गोष्ट मनाला लागून राहिलीय. गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली होती. मुलींच्या शर्यतीत नाव घ्या म्हणाली. म्हणाली, सर, मी पळू शकते. मी नाही म्हटलं. तुमचे फोन आठवले. मैदानात काही झालं असतं तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं मी? मग शर्यतीच्या दिवशी ती झाडाखाली बसून सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. हाक मारली तर हसली सुद्धा. गुणी पोर आहे."

 हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सोमवार आपण घेतला, बाकीचे दिवस पोरीचे, असं ती धरून चालली होती. बाकीच्या दिवसांत पोरगी काय करत होती हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात जिना धडधडला. भिंगरी आली, खांद्यावर तिच्या एवढं गाठोडं, एकेक पायरी गाळत, वर तोंडाने शीळ. दारातून आत आली, सरांना पाहिलं, आणि शीळ तोडली.

आणि खोकली.

लाँड्रीवालीच्या डोळ्यांदेखत तिने गाठोडं हळूच खाली ठेवलं, एक हात भिंतीला टेकला, खांदे वर उचलले आणि तोंडाने श्वास ओढायला सुरुवात केली. घरघर सुद्धा काढली. थेट सासूबाई. मग सुया-बटणांचा खण उघडून तिने तो दप्तरातून परत तिथे येऊन पडलेला रिकामा पंप काढला, तोंडाला लावला, दाबला, डोळे मिटले. किती सफाईने! एवढी सफाई एका दिवसात येत नाही. हे सगळं कोणासाठी चाललंय ते लाँड्रीवालीला कळलं, कारण मिटलेले डोळे उघडल्यावर पोरीने आधी आईकडे पाहिलं. काळजी करू नकोस, असं ते पाहणं होतं.

"बस, बाळ, बस. सावकाश," सर उठून उभे राहिले. "परीक्षेचं बोलायला आलो होतो. काय म्हणतेस?"

"नाही जमणार, सर," भिंगरी तुटक आवाजात म्हणाली. "तिथे मला त्रास होतो."

आता बोल, असं लाँड्रीवालीचं मन तिला सांगत होतं. आत्ता बोल, बये. तोंड उघडलं तिने. ज्या माणसाला शेकडो थापा रेटून मारल्या त्याला एक खरं वाक्य सांगता येईना. सर म्हणाले, "ठीक आहे. प्रकृतीपुढे इलाज नाही. उद्या नाव कमी करतो." आणि पिशवीसाठी इकडेतिकडे पाहू लागले.

आणि लाँड्रीवालीने काय केलं? हातातली चादर पिशवीवर टाकली. विसराळू माणूस तो; चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारा. बसची वेळ झाली म्हणत तसाच जिना उतरून गेला.

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. सर रस्त्याच्या पार टोकाला, थांब्याजवळ पोचत आले होते. मागून बस वळत होती. मग तिने चादर उचलली आणि ओरडली, "अगंबाई! सरांची पिशवी राहिली! बस आली बघ!"

भिंगरीने विचार केला नाही. अशा पोरी करत नाहीत. पिशवी उचलली आणि सुटली. जिना तिने दोन उड्यांत संपवला असावा. खिडकीतून लाँड्रीवालीला दिसलं ते एवढंच, की किल्लीवाल्याने पाय आखडून घेतले, एक हातगाडी मध्ये आली तर पोरगी तिच्या दांड्यावरून गेली, केस सुटले, चप्पल एक मागे राहिली. सरांचा एक पाय बसच्या पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहिली, पिशवी पुढे केली. तिला साधी धाप लागली नव्हती. मग तिचा हात छातीकडे गेला, पण फार उशिरा. बस निघून गेली.

लाँड्रीवालीचा जीव भांड्यात पडला. सुटले, असं वाटलं तिला. झालं एकदाचं उघड, आणि आपल्याला बोलावंही लागलं नाही. तेवढ्यात सरांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं, आणि ती चटकन पडद्यामागे सरली. तिथे उभ्या उभ्या तिच्या लक्षात आलं की आपल्या तोंडाचं काम आपण आज पुन्हा पोरीच्याच अंगावर टाकलं. चादरीचं टोक धरायला दिलं होतं, तसंच हेही.

भिंगरी परत आली ती एकेक पायरी चढत. अशी ती कधी चढली नव्हती.

"मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच. चादर ओली होती, ती तू पिशवीवर टाकणार नाहीस एरवी."

"सर काय म्हणाले?"

भिंगरीने ढिगातून चादर ओढली, आपली दोन टोकं धरली, दोन आईकडे दिली. हात कामात असले की तिला बोलता यायचं. "म्हणाले, इतकी वर्षं फसवलंस आम्हाला? मी म्हटलं, हो."

"आणि?"

"म्हणाले, आईला माहीत होतं का? मी म्हटलं, नाही. तिच्यासमोर पण खोकायचे. तिला खरंच वाटायचं."

लाँड्रीवालीच्या हातातली टोकं सैल झाली. "असं का सांगितलंस गं?"

"मग काय सांगू? माझी आई खोटारडी आहे म्हणू? तू त्यांच्याशी किती छान बोलतेस फोनवर. ते वर्गात सांगायचे, आई असावी तर अशी. ओढ ना, आई, चुण्या पडतायत."

तिने ओढली. डबडबल्या डोळ्यांना समोरची चादर धड दिसेना. "सोमवारमुळे सोडलीस ना शाळा? गणितामुळे?"

"सोमवार?" भिंगरी खरंच चकित झाली. "सोमवारी तर मी बरी असायचे, आई. मंगळवारपासून शनिवारपर्यंत आजारी. डबा खाताना हसू आलं तर मध्येच खोकायचं. जिन्यात सगळ्या पुढे गेल्या की कठड्याला धरून थांबायचं. कोणी भांडत पण नव्हतं माझ्याशी, आजारी म्हणून. तुझा शब्द खोटा पडू नये म्हणून केलं. मग कंटाळा आला. इथे निदान पळता तरी येतं."

ती चालत समोर आली आणि आपली टोकं आईच्या हातात द्यायला लागली. आईने ती घेतली नाहीत. चादर दोघींच्या मध्ये पायांवर पडली, आणि लाँड्रीवाली चपला न घालता जिन्याकडे निघाली.

पळणं तिने लग्नाआधीच सोडलं होतं. गुडघे दुखरे, अंग जड, त्यात बारा महिने वाफेत. किल्लीवाला म्हणाला, "आज काय शर्यत आहे का तुमच्या घरी?" तिने लक्ष दिलं नाही. रस्त्यात पोरीची चप्पल पडली होती, ती उचलली आणि तशीच हातात धरून गेली. थांब्यावर पोचली तेव्हा तिला असा दम लागला होता की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सर बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर. ते गडबडीने उठले.

"बसा, ताई, बसा. सावकाश. तुम्ही कशाला धावत आलात? तुमचा यात काही दोष नाही. पोरं अशीच फसवतात आईबापांना. मला वाईट वाटतंय ते तुमचं. दर सोमवारी किती कळवळून फोन करायचात!"

ती बोलायला गेली, पण श्वासच पुरेना. हात नुसता हलवला. तेवढ्यात दुसरी बस वळताना दिसली आणि सरांनी ती थांबवायला हात वर केला. लाँड्रीवालीने तो हात धरून खाली ओढला. परक्या पुरुषाचा हात तिने असा कधी धरला नव्हता.

"दमा," ती म्हणाली, "दमा नव्हता तिला, सर. कधीच नव्हता. माझी सासू दम्याने गेली. ते सगळं सासूचं सांगत होते मी. मला चादरी धरायला कोणी नव्हतं. पोरीने कोणाला फसवलं नाही. मी फसवलं. तिने फक्त माझं खोटं निभावलं."

बस थांबली, दार उघडलं, कोणी चढेना म्हणून बंद झालं आणि निघून गेली. सरांनी चष्मा काढला. 

"ती पळते म्हणाली होती मला," ते म्हणाले. "आणि मी तिला चपला राखायला बसवलं."

लाँड्रीवालीला वाटलं, यांनी ओरडावं, चारचौघांत तोंडात मारल्यासारखं बोलावं. ते तसं काही करेनात, आणि तेच तिला सोसवेना.

"उद्या दुपारपर्यंत नाव राहील," सर उठत म्हणाले. "पण ती यायला हवी. आणि तुम्हीही. वर्गाला तुम्ही सांगायचं. ती आता शाळेत आली तर पोरं तिला खोटारडी म्हणतील. ते मी मिटवू शकत नाही."

"येते," ती म्हणाली. मग तिला आठवलं, उद्या सोमवार.

वर भिंगरी खिडकीतच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ऐकू काही आलं नसणार, पण आईने सरांचा हात ओढलेला पाहिला होता. लाँड्रीवालीने चप्पल तिच्या पायाशी ठेवली आणि स्टुलावर बसून, धाप टाकत टाकत, सगळं सांगितलं.

"वर्गात सांगणार? सगळ्यांसमोर?" भिंगरीचा चेहरा लाल झाला. "तुला हसतील, आई. मला पण."

"हसू देत. मला तर हसलंच पाहिजे त्यांनी."

"मी येईन की नाही ते सकाळी सांगते."

"बरं."

"आणि हॉटेलच्या चादरी? दुसरं टोक कोण धरणार?"

लाँड्रीवालीने जमिनीवर पडलेल्या चादरीकडे पाहिलं. ती उचलायला तिचा हात पुढे झाला नाही.

"लोळू देत," ती म्हणाली.